बाय कुणाला म्हणायचं

माझ्या लेकीने पहिल्यांदा 'बाय' अशी हाक मारली तेव्हा मी दारातच उभी होते, आणि ती हाक मला नव्हती.

आमच्याकडे बाय म्हणजे आई. निरोप घेताना हात हलवून म्हणतात ते बाय नव्हे. माझं माहेर रत्नागिरीपासून आत, डोंगराच्या अंगाला. तिथे मी माझ्या आईला बाय म्हटलं, तिने तिच्या आईला बाय म्हटलं. मला मुलगी झाली तेव्हा नवरा मुंबईहून रजा काढून आला आणि पाळण्यात डोकावून म्हणाला, "हिला मम्मी म्हणायला शिकव हां. बाय-बिय नको. उद्या मुंबईला नेली तर लोक हसतील." मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू. मम्मी म्हटलं की आपण जरा गोऱ्या झाल्यासारखं वाटायचं. मी शिकवलं. मुंबईला त्याने अजून नेलेलं नाही. घरात मात्र बाय हा शब्द रिकामा पडून राहिला, आणि माझ्या लेकीने तो उचलून शेजारच्या मावशीला नेऊन दिला.

मी अजून जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जाऊन मी सुधारेन अशा आशेने कुणी वाचायला नको.

मी बंदराजवळच्या एका शेडमध्ये कोलंबी सोलते. काम रोजचं नसतं, बोटींच्या मर्जीचं असतं. बोट लागली की मुकादमाचा फोन येतो, "माल आलाय," एवढंच बोलून तो ठेवतो. मग वाडीच्या तिठ्यावर टेम्पो येतो आणि बायका चढेपर्यंत थांबतो, पोराला भरवून होईपर्यंत थांबत नाही. चढली तिला टेबलाशी जागा, राहिली तिची जागा दुसरीला. बर्फात हात घालून डोकं मोडायचं, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा. कोलंबीच्या डोक्याचा काटा रबरी मोज्यातूनही बोटात जातो. शेडच्या मालकाला विचारलं तर तो म्हणतो, या मुकादमाच्या बायका. मुकादमाला विचारलं तर तो म्हणतो, बायका आपल्या आपण येतात. म्हणजे आम्ही कुणाच्याच नव्हे, आणि एखादीच्या बोटात पू झाला तर तिचं बोट फक्त तिचं.

आधी लेकीला सासू बघायची. पण धाकट्या जावेच्या बाळंतपणाला ती मुंबईला गेली आणि तिकडचीच झाली. तिकडे लिफ्ट आहे, संध्याकाळी खाली बागेत म्हाताऱ्या जमतात. सासूचा रागही आला आणि हेवाही वाटला. मी तिच्या जागी असते तर मीही परत आले नसते.

आमच्या वाडीत बायकांचा बचत गट आहे. कुळथाचं पीठ, पापड, मसाला असलं करायचा. एकदा बैठकीत शेडमधलीच एक जण बोलता बोलता रडायला लागली. फोन आला तसं तिने पोराला साडीने खाटेच्या पायाला बांधलं होतं आणि टेम्पो गाठला होता. परत आली तर पोर गुरफटून, रडून रडून खाटेखाली झोपलेलं. कुणी तिला बोल लावला नाही, कारण बांधायचा विचार आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी केला होता. तिथल्या तिथे ठरलं की समाजमंदिराच्या खोलीत पोरं ठेवायची आणि गटाने एक बाई बसवायची. पुरुषमंडळी हसली. "पापड वाळवून झाले, आता पोरं वाळवणार." तालुक्याहून माहिती घ्यायला येणाऱ्या मॅडम मात्र पेचात पडल्या. त्यांना प्रत्येक गटाचं उत्पादन लिहायचं असायचं. "मग मी यात उत्पादन काय लिहू?" त्या विचारत राहिल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "लिवा, शेंबूड."

बसवलेली बाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी मावशी. मूळची पूर्णगडची. सगळा जन्म मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांतून हिंडली. गुडघे गेले, पाटी सुटली, मुलाशी पटेना, तशी आमच्या शेजारी भाड्याने येऊन राहिली. दातांना मिश्री, आवाज खाडीच्या पलीकडे पोचेल असा. पोरं सांभाळायला तीच योग्य असं सगळ्यांचं एकमत झालं. माझंही झालं. पहिल्या दिवशी लेकीला तिच्या मांडीवर ठेवताना मी मावशीच्या हातावर साखर ठेवली होती.

मग हळूहळू माझ्या घरातलं एकेक तिकडे जायला लागलं. लेक माझ्या हातून जेवेना. शेडमध्ये माल औषधाच्या पाण्यातून काढतात, त्या पाण्याचा आणि कोलंबीचा मिळून एक वास हातात बसतो. मी लिंबू चोळलं, आमसूल चोळलं, दात घासायची पेस्टसुद्धा चोळली. लेक माझा घास बघून नाक दाबायची आणि म्हणायची, "मम्मी, हात छी. बाय, भलव." आणि बाय भिंतीपलीकडून लगेच, "काय गो माझ्या सोन्या?" जिने जन्मभर मासळी विकली तिच्या हाताला वास नाही, आणि माझ्या हाताला आहे! मी वेणी घातली की लेक सोडायची. बायची वेणी अशी नसते. मी गोष्ट सांगितली की मध्येच थांबवायची. बायच्या गोष्टीतला कोल्हा असं बोलत नाही. ती पूर्णगडच्या हेलात बोलायला लागली. माझ्या पोटची पोर माझ्याच घरात पाहुणी असल्यासारखी माझ्याकडे बघायची. मावशीला मी स्वतःशीच पुटपुटत आयत्या बिळावरचा नागोबा म्हणायचे. दिवसभर बसायचं, गाणी म्हणायची आणि दुसऱ्यांची पोरं आपली करायची. आम्ही तिकडे बर्फात बोटं मारतोय आणि हिला बसल्या जागी मान, वर गटाचं मानधन.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्याला आम्ही नुसतं बंदी म्हणतो. बंदीत शेडला कुलूप आणि चुलीला काटकसर. बाकीच्या बायका लावणीला मजुरीवर जातात. मी त्या वर्षी लावणी सोडली. नवऱ्याला फोनवर सांगितलं की कंबर दुखते. कंबरेला काही झालं नव्हतं. मला माझी पोरगी परत हवी होती, आणि बंदी संपायच्या आत हवी होती. शेड बंद म्हणजे हाताला वास नाही. मी घावन केले, खापरोळ्या केल्या, तिच्या बाहुलीला फ्रॉक शिवला. दाराला आतून कडी घातली. लेक त्या कडीखाली बसायची आणि भिंतीपलीकडे मावशी खोकली की म्हणायची, "बाय खोकली." एखाद्या वाक्याचा एवढा राग येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यातच तिला ताप आला. संध्याकाळी अंग चांगलंच तापलं. मी औषध पाजलं, कपाळावर घड्या ठेवल्या. ती डोळे मिटून एकच धोशा लावून बसली होती, आणि तो कुणाच्या नावाचा हे सांगायला नको. मावशीने तो भिंतीतून ऐकला असणार. दार वाजलं. कडी काढली तर ही मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन उभी.

"दृष्ट लागलीय गो पोरीला. काढतंय मी."

ताप आलेल्या पोराच्या दारातून दृष्ट काढणारीला परत पाठवायचं नसतं. मी बाजूला झाले. मावशी लेकीवरून मूठ ओवाळायला लागली. "आल्या-गेल्याची, रस्त्यावरच्याची, शेजारणीची-पाजारणीची, आजीची, मावशीची, बापाची, आवशीची, कुणाची लागली असंल ती जळून जाऊ दे."

आवशीची. म्हणजे आईची. माझ्या कानात तेवढाच शब्द शिरला. तिने मूठ तापल्या तव्यावर टाकली. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या, आणि ठसका काही आला नाही. ठसका नाही म्हणजे दृष्ट होती, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मावशीने समाधानाने मान हलवली. "बघ. केवढी लागली व्हती."

"कुणाची?" मी विचारलं.

"आता कुणाची ती काय समजतंय?"

"मग आवशीची कशाला म्हणालीस? माझी दृष्ट लागते काय माझ्याच पोरीला?"

"अगो, तसां नाय. सगळ्यांचीच नावां घेतात. मी मावशीची पण म्हटलां ना? ती मीच की."

"मावशी कोण? पोरगी तुला मावशी कुठे म्हणते? ती तुला बाय म्हणते. मग आवशीची म्हणजे तुझी की माझी, ते सांग!"

मावशीने तवा उतरवला, लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि गेली. दृष्ट काढताना सगळ्यांची नावं घेतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझ्या आईने माझी काढताना शंभरदा स्वतःचं नाव घेतलं असेल. पण त्या दिवशी तो शब्द मावशीने माझ्याकडे बघून म्हटला असं मला वाटलं, आणि आजही थोडं वाटतं. सकाळी ताप उतरला. औषध मी पाजलं होतं, घड्या मी ठेवल्या होत्या. वाडीत बोलबाला झाला तो मावशीच्या मिरच्यांचा.

नारळी पौर्णिमा जवळ आली तसं बंदरावर बोटी रंगवायचं काम सुरू झालं. मावशीने गटात सांगून टाकलं की ती पूर्णगडला परत जातेय. मुलगा ये म्हणतोय आणि गुडघ्यांना आता बसवत नाही. भांडणाबद्दल एक शब्द बोलली नाही. मला तर आभाळ मोकळं झाल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी लेकीला घेऊन भगवतीच्या किल्ल्यावर फिरायला गेले, तिला भेळ दिली आणि मनात म्हटलं, आता बघू कुणाला हाक मारतेस.

तो आनंद टिकला नाही. गटाची बैठक झाली. मावशीच्या जागी कोण बसणार, असं अध्यक्षीणबाईंनी विचारलं आणि सगळ्या जणी एकदम पदर सारखा करायला लागल्या. एकीची कंबर, एकीची म्हैस, एकीचा नवरा नको म्हणतो. "दिवसभर पोरांत बसायचं म्हणजे डोकं फिरतं," एक जण म्हणाली. तीच आदल्या वर्षी म्हणत होती की मावशीला काय, नुसतं बसायचं. कुणी बसत नसेल तर खोली बंद करायची, असं ठरायच्या बेताला आलं. जिने पोराला खाटेला बांधलं होतं ती माझ्यासमोर बसली होती. आमच्या भांडणाची बातमी वाडीभर गेली होती. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. निघताना चपला घालायला वाकले तेव्हा कुणी माझ्यासाठी थांबलं नाही. त्यातच मुकादमाचा निरोप फिरला. या हंगामात पहिल्या फोनला जी येणार नाही तिने नंतर येऊ नये. आतल्या गावांतून बायका यायला तयार आहेत.

म्हणजे हे असं होतं. मावशी गेली तर पोरगी माझी, पण जागा जाणार, आणि जागा गेली की राहत्या घराचं भाडं आणि लेकीचं दूध नवऱ्याला मुंबईला फोन करून मागण्यावर अवलंबून. मावशी राहिली तर जागा माझी आणि पोरगी... अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. दुपारी लेक झोपली तशी मी मावशीच्या दारात गेले. आमच्या दोघींत हरी कोण आणि गाढव कोण हे अजून ठरलेलं नाही.

ती गोणपाटात भांडी बांधत होती. वर बघून म्हणाली, "ये. बस."

"मावशे, जाऊ नकोस," मी उभ्यानेच म्हटलं.

"कशाला? तुला माझा राग येतो, ता म्हायत हाय मला."

"येतो."

"हां." ती गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "माझा मोठा झिलगा हाय ना, त्याला शेजारणीनं वाढवलंन. मी उजाडायच्या आत पाटी घेऊन जायची ती उन्हां कलली की घरात. लग्नात पोरगा माझ्या आधी तिच्या पाया पडला."

"मग?"

"मग काय. पंगतीत मी वाढत व्हते. तिच्या पानात भात असा आपटला, की शितां तिच्या तोंडावर."

मला हसू आलं. तीही हसली, मिश्रीचे काळे दात दाखवून. मी विचारलं, "अजून राग आहे?"

"ती मेली गो."

"तरी?"

"तरी हाय."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की हे जातं. पोर शाळेत गेलं की जातं, मोठं झालं की जातं. मावशीने तसं काही सांगितलं नाही. तिने दुसरंच सांगितलं.

"ऱ्हातंय मी. पण गटात सांग, मला मानधन नको. मान तुमच्याकडंच ठेवा, धन तेवढं द्या. आणि मजुरी म्हणून द्या. मी काय तिकडे नुसती बसून असते काय? आणि ता तू सांगायचांस. दुसरी कोण नाय."

हे तिने मुद्दाम केलं. मला अजून तसंच वाटतं. ज्या तोंडाने मी तिला नागोबा म्हणत होते त्याच तोंडाने मला बैठकीत उभं राहून बोलावं लागलं. मावशी काम करते. आम्ही सोलतो तसंच तेही काम आहे. तिने ते केलं नाही तर आमचंही होत नाही. बोलताना जिभेला काटे फुटत होते, पण बोलले ते खरं होतं, म्हणून आवाज चढला. मावशी कोपऱ्यात भिंतीला टेकून ऐकत होती आणि तिच्या तोंडावर लग्नात जेवायला बसल्यासारखं सुख होतं. बायकांनी हो म्हटलं. प्रत्येक सोलणारीने आपल्या मजुरीतला वाटा काढायचा, थोडं गटाने घालायचं. शेडच्या मालकाला आणि मुकादमाला यातलं काही कळलं नाही आणि त्यांचं काही गेलंही नाही. त्यांच्या टेबलाशी बायका वेळेवर उभ्या राहणार होत्या, एवढं झालं.

पौर्णिमा झाली, बोटी गेल्या, आणि एका सकाळी फोन वाजला. "माल आलाय." मी लेकीला उचललं आणि समाजमंदिराकडे पळत सुटले. एवढे दिवस ती माझ्याजवळ होती. माझ्या हातचं जेवली होती, माझ्या कुशीत झोपली होती. आज सोडून जाताना ती रडेल अशी माझी खात्री होती. तिला कसं समजवायचं याची वाक्यंही मी वाटेत जुळवली होती. पदरात पेढा बांधून घेतला होता.

दारात पोचलो. लेक माझ्या कडेवरून घसरली, चपला भिरकावल्या आणि आत पळाली. मागे वळून बघितलं नाही. आत मावशीचा आवाज आला, पोरांचा गलका झाला, त्यात तिचं हसणं मला वेगळं ओळखू आलं.

मी निघाले नाही. बाहेर कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा आहे, त्याच्या आड जाऊन उभी राहिले. तिठ्यावर टेम्पोवाला हॉर्न मारत होता. मला वाटलं, आता तिच्या ध्यानात येईल की मी गेले. आता तोंड वाकडं होईल, आता रडेल. एकदा रडू दे, एवढंच मागत होते. रडली असती तर मी टेम्पो सोडला असता, जागा घालवली असती, आणि त्या दिवशी माझ्याएवढी सुखी बाई अख्ख्या रत्नागिरीत नसती.

ती रडली नाही. म्हणून मी कामावर जाऊ शकले.